खोत, शिलोत्रीदार आणि आम्ही

पेण सोडून रोह्याकडे निघालेली गाडी कासूच्या स्थानकात क्षणभर थांबते आणि नागोठण्याची वाट धरते. उतरणारे मोजकेच असतात. पूर्वेस डोंगर, मधोमध मुंबई-गोवा महामार्ग आणि पश्चिमेस भाताची खाचरे. त्यांच्याही पलीकडे अंबा नदी धरमतरच्या खाडीला मिळते. या खाचरांतील पुष्कळशी जमीन निसर्गाने दिलेली नाही. भरतीचे पाणी अडवून, मातीचे बांध घालून, ती माणसांनी खाडीच्या हातून सोडवून घेतलेली आहे. म्हणूनच या पट्ट्याला खारेपाट म्हणतात. सरदारकी, मानमरातब, पदव्या यांविषयी आपल्या समाजाची वृत्ती कशी बदलत गेली, हे पाहण्यासाठी राजवाड्यांकडे जाण्याची गरज नाही, असे आम्हांस वाटते. त्यासाठी हा बांध पुरेसा आहे.

समुद्राकडचा बाहेरचा बांध राखणे हे एकट्यादुकट्या शेतकऱ्याचे काम नव्हे. एका ठिकाणी बांध फुटला, म्हणजे येथल्या भाषेत खांड पडली, की खारे पाणी साऱ्या शिवारात शिरते आणि पुढची काही वर्षे जमीन नापीक होते. कुलाबा जिल्ह्यात ज्याने खार जमीन बांधून काढली, त्याला व त्याच्या वंशजांना शिलोत्रीदार म्हणत. बाहेरचा बांध दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी त्याची आणि त्याबद्दल कसणाऱ्यांकडून सरकारी धाऱ्याव्यतिरिक्त ठरलेले भात घेण्याचा हक्कही त्याचा. या घटनेतील मर्म ध्यानात घेण्याजोगे आहे. मान आधी आला नाही. काम आधी आले. पण पिढ्या उलटल्या, हक्क वारशाने उतरत गेला आणि काम मात्र वारशाने उतरेलच याची शाश्वती राहिली नाही. बांधाकडे कोणी फिरकत नसले तरी भाताची मागणी चुकत नसे. मग शेतकऱ्यांनाच एकत्र जमून, घरटी माणूस देऊन, माती टाकावी लागे. या सामुदायिक श्रमाला खारेपाटात ‘जोळ’ म्हणत.

खोताची कथा याहून कठोर आहे. मूळचा तो गावचा वसूल गोळा करून सरकारात भरणारा मध्यस्थ. कोकणात खोत ब्राह्मण होते, मराठे होते, प्रभू होते, मुसलमानही होते. तेव्हा ही केवळ एका जातीची गोष्ट नव्हे. सरकारात भरावयाची रक्कम ठरलेली आणि कुळाकडून घ्यावयाचे भात मात्र खोताच्या मर्जीवर! त्यावर पुन्हा वेठबिगार. खोताच्या शेतात फुकट राबणे, त्याच्या घरच्या कार्याला लाकूडफाटा पोहोचविणे, त्याच्या अंगणात उभे राहणे. बसणे नव्हे, उभे राहणे. कर्जाचे आकडे कालांतराने विसरले जातात. परंतु कोणाच्या अंगणात आपला आजा उभा राहत असे, हे घराणी विसरत नाहीत.

या उभे राहण्याला पहिला मोठा नकार मिळाला तो कासूपासून फार दूर नव्हे, खाडीच्या पलीकडे, अलिबाग तालुक्यात. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी चरी येथे सभा भरली आणि पंचवीस गावांतील कुळांनी जमीन न कसण्याचा निर्धार केला. नारायण नागू पाटील हे त्यांचे पुढारी. संप सुमारे सहा वर्षे चालला. जमिनी ओस पडल्या. माणसांनी लाकडे तोडून विकली, मासळी धरली, रानातला पाला खाल्ला. पण खोताचा नांगर धरला नाही. १६ डिसेंबर १९३४ रोजी चरी येथे भरलेल्या शेतकरी परिषदेस डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. पुढील जानेवारीत हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिलवर गेला. अखेर १९३९ साली कुळांना संरक्षण देणारा कायदा झाला. प्रत्यक्ष खोती नाहीशी करणारा कायदा यायला मात्र १९४९ साल उजाडले. शिलोत्री हक्कांसाठी केवळ या एका जिल्ह्यापुरता वेगळा कायदा करावा लागला, तो १९५५ साली. विलंब लक्षात घेतला म्हणजे असे दिसते की, लोकांच्या मनातून खोत उतरला १९३३ साली आणि सरकारी दप्तरातून सोळा वर्षांनी.

याच नारायण नागू पाटलांना लोक ‘आप्पासाहेब’ म्हणत. ही पदवी कोणत्या दरबाराने दिली? कोणत्याच नाही. त्या काळी इंग्रज सरकार रावसाहेब, रावबहादूर अशा पदव्या वाटत असे आणि त्या मिळालेले सारेच खुशामतखोर होते असेही नव्हे. गिरणी कामगारांना संघटित करणारे नारायण मेघाजी लोखंडे हेही रावबहादूर होते. तथापि त्यांचे गुरू जोतीराव फुले यांना १८८८ साली मुंबईच्या सभेत जनतेने ‘महात्मा’ म्हटले. आज ‘रावबहादूर’ शब्द कोशात व नाटकांत आढळतो. ‘महात्मा’ मात्र जिभेवर आहे.

आपल्या पत्रांचे मायनेही पाहण्यासारखे आहेत. पेशवाईत कोणाला काय लिहावे याची काटेकोर उतरंड होती. ‘राजमान्य राजश्री’ म्हणजे राजाने मानलेला. पुढे राजा गेला आणि हा मान ‘रा. रा.’ एवढा आखूड होऊन वाण्यापासून कारकुनापर्यंत सर्वांच्या नावामागे लागला. मग तोही गेला आणि साधे ‘श्री.’ उरले. कायदा न करता, मोर्चा न काढता, केवळ टपालाने घडवून आणलेली ही समता आम्हांस फार गमतीची वाटते.

आमच्या वसईकर वाचकांना हा इतिहास परका वाटू नये. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे आली आणि गावेच्या गावे फिदाल्गो म्हणवणाऱ्या सरदारांना व धर्मसंघांना लावून देण्यात आली. त्याबद्दल राजाला द्यावयाचा खंड तो ‘फोरो’. मुंबईतील ‘फोरास’ हा शब्द त्याचाच अवशेष. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि फिदाल्गो गलबतांत बसून गेले. कुळे तेथेच राहिली आणि त्यांचा धर्मही राहिला. आपण त्या सरदारांचे नव्हे, त्यांच्या कुळांचे वंशज आहोत. तरीही पोर्तुगीज आडनावाचा कोणी मोठा पूर्वज सापडतो का, म्हणून वंशावळी धुंडाळणारे आपल्यात अजून भेटतात!

खुद्द चर्चमध्ये तरी वर्ग नव्हते काय? होते. अंत्यविधीचेसुद्धा पहिला, दुसरा, तिसरा असे वर्ग असत. जेवढी दक्षिणा तेवढ्या मेणबत्त्या. ४ डिसेंबर १९६३ रोजी व्हॅटिकन परिषदेने उपासनाविधीत व्यक्तीला अगर वर्गाला खास मान देऊ नये असे ठरविले. १९६४ साली पोप सहावे पॉल यांनी आपला त्रिमुकुट वेदीवर ठेवून दिला आणि १९६८ साली पोपच्या दरबारातील वंशपरंपरागत सरदारांची पदे रद्द केली. म्हणजे आमच्या जिल्ह्यातील शिलोत्रीदार रोमच्या सरदारांपेक्षा तेरा वर्षे आधी गेले. आज कोणी जागा राखली नसली, तरी सणाच्या मिस्सेला पुढचे बाक कोणासाठी रिकामे ठेवले जातात हे प्रत्येक धर्मग्रामाने आपल्यापुरते पाहावे.

राज्यघटनेच्या अठराव्या अनुच्छेदाने पदव्या बंद केल्या. १९७१ साली घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे व मान्यता गेली. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, पद्म पुरस्कार या पदव्या नव्हेत आणि नावापुढे-मागे त्या लावू नयेत. एवढे होऊनही समारंभांच्या पत्रिका पाहाव्या! पेण-पनवेलच्या बाजूस जमिनींना भाव आल्यापासून ‘शेठ’ हा शब्द गावोगाव पसरला. कोणाचा भरावाचा धंदा, कोणाची जमिनीची दलाली. नावापुढे ‘शेठ’ लागला की कामे होतात. म्हणणारा हसतो, तरी म्हणतोच. खोताला ‘साहेब’ म्हणणाऱ्या आजोबांपाशी निदान भीतीचे कारण होते.

आणि बांध? १९४८ च्या खार जमीन कायद्याने त्याची काळजी सरकारकडे आली. जोळ पुष्कळ ठिकाणी मोडली. खांड पडली की अर्ज जातात, अधिकारी येतात. शिलोत्रीदार गेला याचे कोणाला दुःख नाही, आम्हांसही नाही. पण त्याच्याबरोबर ‘हे माझे काम’ म्हणणाराही गेला.

सप्टेंबर २००८ मध्ये पेण तालुक्यातील बावीस गावांत एक निराळी गोष्ट घडली. विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन द्यावी काय, हे शासनाने शेतकऱ्यांना मतपत्रिकेने विचारले. ज्यांच्या आज्यांना खोताने कधी काही विचारले नव्हते, त्यांची नातवंडे रांगेत उभी राहिली, आणि बहुसंख्यांनी ‘नाही’ म्हणून लिहिले.