शेवगावहून किब्ला : नेमकी पश्चिम की थोडी उत्तरेला?

नमाज पढताना ज्या दिशेला तोंड करावयाचे, तिला ‘किब्ला’ म्हणतात. प्रारंभी ही दिशा जेरुसलेमची होती. हिजरी सन २ मध्ये, म्हणजे इ.स. ६२४ च्या सुमारास, ती मक्केतील काबाकडे वळविण्यात आली. महाराष्ट्रात किब्ला म्हणजे पश्चिम, असे ढोबळमानाने सांगितले जाते आणि मशिदीची मेहराब पश्चिमेच्या भिंतीत असते. मात्र मोबाईलमध्ये होकायंत्र आल्यापासून एक नवाच प्रश्न उपस्थित होऊ लागला आहे. मोबाईल वेगळी दिशा दाखवीत असेल, तर आजवरच्या नमाजेचे काय?

मोबाईल वेगळी दिशा दाखवितो, हे खरे आहे. शेवगाव १९.३५ उत्तर अक्षांशाच्या आसपास, तर काबा २१.४२ अंशांवर. सपाट नकाशावर पट्टी ठेवल्यास मक्का पश्चिमेच्या उत्तरेला जेमतेम तीन-चार अंश दिसते. परंतु पृथ्वी गोल असल्याने सर्वांत जवळचा मार्ग वक्र असतो. त्या हिशेबाने शेवगावची किब्ला होकायंत्रावर सुमारे २८० अंशांवर, म्हणजे नेमक्या पश्चिमेपासून उत्तरेकडे दहा अंश येते. हात लांब करून धरलेल्या मुठीच्या रुंदीएवढा हा फरक. तो किरकोळ वाटतो खरा. पण मक्का येथून सुमारे ३,७०० किलोमीटर दूर आहे आणि नेमक्या पश्चिमेला निघालेली सरळ रेषा तिच्या दक्षिणेकडून तब्बल सहाशे किलोमीटरवरून जाते!

तरीही धास्तावण्याचे कारण नाही. भारतात बहुसंख्य असलेल्या हनफी पंथीयांच्या मते, दूर राहणाऱ्याने काबाच्या बाजूला तोंड करणे पुरेसे असते. दोन्हीकडे ४५ अंशांपर्यंतचा फरक चालतो. कोकणी मुसलमान ज्या शाफई परंपरेचे, तिच्यात नेमकेपणाचा आग्रह अधिक आहे. अनोळखी जागी प्रामाणिकपणे शोध घेऊन दिशा ठरविली व ती पुढे चुकीची निघाली, तरी हनफी मतानुसार नमाज पुन्हा पढावी लागत नाही. नमाज चालू असतानाच चूक कळली, तर तेथल्या तेथे वळावे.

इंडोनेशियातील उलेमा परिषदेने २०१० मध्ये आधी किब्ला पश्चिमेला असल्याचा फतवा काढला आणि काही महिन्यांतच तो सुधारून वायव्य दिशा सांगितली. मशिदी पाडण्याची गरज नाही, नमाजींनी थोडे वळावे, असाच तिचा सल्ला होता. आपल्याकडेही जुन्या वास्तूला हात न लावता सफांच्या पट्ट्या तिरप्या आखता येतात. कोणी मोबाईल पुढे करून इमामांशी हुज्जत घालण्यापेक्षा हे कितीतरी बरे.

मोबाईलवर विश्वास नसेल, तर सूर्य आहेच. दरवर्षी २७-२८ मे रोजी दुपारी २ वाजून ४८ मिनिटांनी व १५-१६ जुलै रोजी २ वाजून ५७ मिनिटांनी (भारतीय वेळ) सूर्य काबाच्या बरोबर डोक्यावर असतो. त्या क्षणी शेवगावात उभ्या काठीची सावली पडेल, तिच्या विरुद्ध दिशेला किब्ला. जुलैत ढगांचा भरवसा नसल्याने मे महिनाच सोयीचा. लोखंडी खांब वा मोटारसायकलीजवळ होकायंत्राची सुई भरकटते. सावलीला ती अडचण नाही.