अक्षरांआडचा शब्द : रडार

मराठी वर्तमानपत्र उघडलं की हा शब्द आठवड्यातून दोनतीनदा तरी मथळ्यात भेटतोच. अमुक बिल्डर तपास यंत्रणांच्या रडारवर, तमुक टोळी पोलिसांच्या रडारवर, फेरीवाले पालिकेच्या रडारवर. बातमीकक्षात इंग्रजी तारा मराठीत उतरवण्याचं काम मी बरीच वर्षं केलं. तेव्हा मीही तो शेकडो वेळा वापरला. तीन अक्षरांचा आहे, एका स्तंभाच्या मथळ्यात बसतो, वाचकाला अर्थ सांगावा लागत नाही. हा मुळात शब्दच नव्हे, चार इंग्रजी शब्दांची जुळवलेली अक्षरं आहेत, हे ठाऊक होतं. पण ती अक्षरं कोणी जुळवली, त्याआधी या वस्तूला काय म्हणत, आणि ते जुनं नाव मुद्दाम दिशाभूल करण्यासाठी का ठेवलं होतं, हे शोधायला बसलो तेव्हा एक मोठं कुळच हाती लागलं.

रेडिओ डिटेक्शन अँड रेंजिंग. रेडिओलहरींनी वस्तू हेरायची आणि ती किती अंतरावर आहे ते मोजायचं. ‘रेडिओ’तली पहिली दोन रोमन अक्षरं घेतली, बाकीच्या तीन शब्दांतलं एकेक. लघुरूप करताना आपण ‘आणि’, ‘व’ गाळून टाकतो. इथे त्या ‘अँड’ला जागा मिळाली नसती तर शब्द तोंडात बसलाच नसता. आणि रोमन लिपीत तो उलटा वाचला तरी तोच राहतो. लहर जाते, विमानावर आपटते आणि आल्या वाटेने परत येते, तसाच हा शब्द.

वस्तू मात्र नावाच्या आधीची. १९०४ साली ख्रिस्तियान ह्युल्समायर या जर्मन तरुणाने कोलोनमध्ये, ऱ्हाइन नदीच्या पुलापाशी, रेडिओलहरींच्या प्रतिध्वनीवरून जहाज ओळखणारं यंत्र चालवून दाखवलं होतं. धुक्यात जहाजांची टक्कर टळावी हा त्याचा हेतू. विकत घ्यायला कोणी पुढे आलं नाही, आणि ते मागे पडलं.

तीस वर्षांनी ब्रिटनला त्याची निकड भासली ती भीतीपोटी. बॉम्बफेकी विमानं आता समुद्र ओलांडून काही मिनिटांत लंडनवर येऊ शकत होती. त्यांची चाहूल लागावी म्हणून केंटच्या किनाऱ्यावर काँक्रीटचे भलेमोठे अंतर्वक्र आरसे उभारले होते. इंजिनाचा आवाज गोळा करणारे ते जणू कानच. विमानांचा वेग वाढत गेला तसे ते निरुपयोगी ठरू लागले. त्याच सुमारास वर्तमानपत्रांत ‘मृत्युकिरणां’ची चर्चा रंगली होती. १९३५च्या जानेवारीत हवाई मंत्रालयाचे हॅरी विम्परिस यांनी रॉबर्ट वॉटसन वॉट या रेडिओतज्ज्ञाला विचारलं, की असा किरण करता येईल का? वॉटसन वॉट यांनी प्रश्न आपले सहकारी अर्नोल्ड विल्किन्स यांच्याकडे सोपवला, पण सरळ विचारला नाही. एक किलोमीटर उंचीवरचं आठ पाइंट पाणी ९८ अंश फॅरेनहाइटवरून १०५ अंशांपर्यंत तापवायला किती रेडिओशक्ती लागेल, ते काढा, म्हणाले. आठ पाइंट म्हणजे साडेचार लिटर. माणसाच्या अंगात साधारण तेवढंच रक्त असतं आणि ९८ अंश हे त्याचं तापमान. हिशेब कशाचा आहे ते विल्किन्सनी तेव्हाच ओळखलं.

उत्तर आलं, की हे शक्य नाही. पण विल्किन्सना एक गोष्ट आठवत होती. विमान जवळून गेलं की रेडिओच्या ग्रहणात फडफड होते, असं ब्रिटिश पोस्ट खात्याच्या इंजिनिअरांनी नोंदवून ठेवलं होतं. म्हणजे विमान पाडता आलं नाही तरी ते हेरता तर येईल! त्याच वर्षी २६ फेब्रुवारीला डॅव्हेंट्री इथे बीबीसीच्या लघुलहरी प्रक्षेपकाच्या टप्प्यात एक हेफर्ड बॉम्बर घिरट्या घालत ठेवला आणि शेतात उभ्या केलेल्या व्हॅनमध्ये उपकरण मांडून तिघं जण बसले. सुमारे आठ मैलांपर्यंत विमान ‘दिसलं’.

आता नावाची पंचाईत आली. नाव नसलं तर कागदावर लिहायचं काय, आणि खरं नाव लिहिलं तर गुपित फुटणार. म्हणून ‘आरडीएफ’ ही अक्षरं निवडली. ‘डीएफ’ म्हणजे दिशा शोधणं. ते तंत्र जुनं, जगजाहीर, जहाजं रोज वापरत असलेलं. कोणाच्या हाती कागद लागला तर त्याने ‘हे तर नेहमीचंच’ म्हणून बाजूला टाकावा, ही योजना. खरं कसब होतं अंतर मोजण्याचं, आणि तेच या नावातून वगळलं होतं. लष्करी लघुरूपं फक्त सोयीसाठी असतात असं आपण धरून चालतो. या कुळाचा मूळपुरुष मात्र सोयीपेक्षा लपवण्यासाठी जन्मला.

किनाऱ्यावर ‘चेन होम’ नावाची साखळी उभी राहिली. प्रक्षेपणाचे पोलादी मनोरे ३६० फूट उंच, ग्रहणाचे लाकडी २४० फूट. पण माझं मन जास्त रमतं ते त्यांच्या पायथ्याच्या अंधाऱ्या खोलीत. ‘वाफ’ या महिला हवाई दलातल्या मुली तिथे पाळीपाळीने बसत. (हेही लघुरूपच.) समोरच्या काचेच्या नळीवर एक आडवी उजळ रेघ. तिच्या डाव्या टोकाला आपण पाठवलेल्या लहरीची मोठी खूण. सेकंदाला पंचवीस वेळा लहर सुटायची. दूरवर विमान असलं की रेघेवर एक लहानशी खाच पडायची, इंग्रजी व्ही अक्षरासारखी, खाली उतरलेली. रेडिओलहर सेकंदाला तीन लाख किलोमीटर जाते. दीडशे किलोमीटरवरून ती परतते एका सेकंदाच्या हजाराव्या भागात. तेवढा वेळ रेघेवर मोजला की अंतर कळलं. मग ती मुलगी हाताखालचं बटण हळूहळू फिरवायची, खाच बारीक होत होत नाहीशी झाली की थांबायची, आणि त्या आकड्यावरून दिशा काढायची. खाचेच्या थरथरण्यावरून विमानं किती आहेत याचाही अंदाज बांधायचा. एक आहे की चाळीस, हे यंत्र सांगत नव्हतं. ते सरावलेल्या डोळ्यांना कळत होतं. १९४०च्या उन्हाळ्यात, शत्रू आल्यावरच आपली विमानं वर पाठवणं ब्रिटनला परवडलं, त्यात या डोळ्यांचा वाटा फार मोठा आहे.

जर्मनांना संशय आलाच नाही असं नाही. १९३९च्या ऑगस्टमध्ये त्यांनी ग्राफ झेपेलिन हे महाकाय वायुजहाज उपकरणं भरून ब्रिटिश किनाऱ्याजवळून फिरवलं. मनोऱ्यांचा अर्थ त्यांना लागला नाही. गंमत म्हणजे ब्रिटिश मनोरे त्याच वायुजहाजाकडे पाहत होते. जर्मनांकडे स्वतःचं चांगलं यंत्र होतं आणि नावाच्या आडोशाला तेही होते. त्यांच्याकडे ‘डेटे’ हे असंच आडनाव चालायचं, वरवर तारायंत्राचं वाटणारं.

‘रडार’ हा शब्द जन्मला तो अटलांटिकपलीकडे. अमेरिकी नौदलात सॅम्युएल टकर आणि एफ. आर. फर्थ या दोन अधिकाऱ्यांनी तो सुचवला आणि १९४०च्या नोव्हेंबरमध्ये नौदलाने तो अधिकृतपणे स्वीकारला. याच वर्षी ब्रिटिश शास्त्रज्ञांचं पथक मॅग्नेट्रॉन घेऊन अमेरिकेला गेलं होतं. मुठीत मावेल एवढा तांब्याचा हा ठोकळा पूर्वीपेक्षा कितीतरी आखूड लहरी जोरात फेकायचा. यंत्रं दोन देशांची मिळून होऊ लागली, तशी नावंही एक व्हायला हवी होती. १ जुलै १९४३ पासून ब्रिटिशांनी ‘आरडीएफ’ सोडून ‘रडार’ घेतला. मला यात एक न्याय दिसतो. जुन्या नावातून लपवलेलं ‘अंतर मोजणं’ नव्या नावात उघडपणे परत आलं.

या कुळाचं एक भावंडही सांगायला हवं. पडद्यावर खाच दिसली, पण आपलं विमान की परकं? ६ सप्टेंबर १९३९ रोजी, युद्ध सुरू होऊन तीनच दिवस झाले असताना, ब्रिटिश स्पिटफायरांनी आपलीच दोन हरिकेन विमानं पाडली आणि एक वैमानिक गेला. आपलं-परकं ओळखण्याचा प्रश्न किती जीवघेणा आहे ते त्या सकाळी उघड झालं. त्यावर आणलेल्या यंत्राला ‘आयएफएफ’ म्हणत, आयडेंटिफिकेशन फ्रेंड ऑर फो. जमिनीवरून हाक आली की विमानातलं यंत्र ठरलेलं उत्तर देई. त्याचं गुप्त नाव होतं ‘पॅरट’, पोपट. आज मुंबईत उतरणाऱ्या प्रवासी विमानालाही चार आकडी क्रमांक देऊन ‘स्क्वॉक’ करायला सांगतात, म्हणजे पोपटासारखं ओरडायला. विमानतळांवरची सगळी दुय्यम रडार-व्यवस्था त्या पोपटाची वंशज आहे.

युद्ध संपलं, क्षेपणास्त्रं आली आणि या कुळाचा विस्तार बेसुमार झाला. क्षेपणास्त्रांची आगाऊ सूचना देणाऱ्या अमेरिकी जाळ्याला ‘बीम्यूज’ म्हणत. त्याचं एक प्रचंड रडार ग्रीनलंडमध्ये थुले इथे नुकतंच सुरू झालं होतं. ५ ऑक्टोबर १९६० रोजी त्यावर मोठ्या हल्ल्याची खूण उमटली. प्रत्यक्षात नॉर्वेच्या दिशेने चंद्र उगवत होता. लहर चंद्रावर आपटून अडीच सेकंदांनी परत आली आणि इतक्या दूरच्या प्रतिध्वनीचा हिशेब यंत्रणेत धरलेलाच नव्हता. सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह त्या दिवसांत खुद्द न्यूयॉर्कमध्ये होते. ते तिथे असताना रशिया हल्ला करील कसा, या साध्या विचारानेही अनेकांना शुद्धीवर ठेवलं.

याच काळात अक्षरांची जात बदलली. आधी वस्तू, मग तिची अक्षरं, असा क्रम रडारचा. आता आधी शब्द आवडायचा आणि मग त्यात अक्षरं कोंबायची. ‘पॅट्रियट’ म्हणजे देशभक्त. या क्षेपणास्त्राचं आधीचं नाव ‘सॅम-डी’ असं रुक्ष होतं. १९७६ साली, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीला, ते ‘पॅट्रियट’ झालं आणि अक्षरांना अर्थ मागून जोडला : फेज्ड अ‍ॅरे ट्रॅकिंग रडार टू इंटरसेप्ट ऑन टार्गेट. यातलं ‘आर’ म्हणजे रडार. जो स्वतः अक्षरांचा पुंजका होता तो आता दुसऱ्या पुंजक्यातलं एक अक्षर होऊन बसला. ही झाली नातवंडांची पिढी.

‘मॅड’चं कूळ याहून वेगळं. म्युच्युअल अश्युअर्ड डिस्ट्रक्शन, दोघांचाही खात्रीशीर विनाश. हे लघुरूप त्या धोरणाच्या पुरस्कर्त्यांनी केलेलं नाही. क्षेपणास्त्रविरोधी संरक्षणाच्या बाजूचे अमेरिकी विचारवंत डोनाल्ड ब्रेनन यांनी ते हेटाळणीसाठी रूढ केलं, हा वेडेपणा आहे हे एका शब्दात दिसावं म्हणून. शिवी चिकटली आणि पाठ्यपुस्तकात जाऊन बसली.

एका अक्षराने किती फरक पडतो याचं मला सगळ्यांत पटणारं उदाहरण ‘थाड’ या क्षेपणास्त्रविरोधी प्रणालीचं आहे. त्यातला ‘टी’ आधी ‘थिएटर’चा होता. लष्करी भाषेत थिएटर म्हणजे रणक्षेत्र, एखादा भूप्रदेश. २००४ साली तो ‘टर्मिनल’चा झाला, म्हणजे येणाऱ्या क्षेपणास्त्राच्या उड्डाणाचा शेवटचा टप्पा. उच्चार तोच, अक्षरं तीच, पण एक शब्द ‘कुठे’ सांगतो आणि दुसरा ‘केव्हा’. रणक्षेत्रातल्या सैन्याचं रक्षण आणि मायभूमीचं रक्षण ही जुनी वाटणी तोवर अमेरिकेने सोडून दिली होती, आणि ते धोरण या एका अक्षरात उतरलं. बातमी मराठीत लिहिणाऱ्या तरुण मित्रांना म्हणूनच माझी विनंती आहे, की लघुरूप पहिल्यांदा येईल तिथे ते फोडून त्याचा मराठी अर्थ लिहा. एक ओळ जास्त लागेल, पण वाचकाला बातमी कळेल.

भारतातही या कुळाची एक शाखा आहे. खालून उडणारी विमानं हेरणारं आपलं देशी रडार ‘इंद्र’. वाटतं देवाचं नाव, पण ते ‘इंडियन डॉप्लर रडार’ची अक्षरं जुळवूनही होतं. पुढे बेंगळुरूच्या प्रयोगशाळेने नक्षत्रांची वाट धरली. हवाई दलासाठी रोहिणी, नौदलासाठी रेवती, हलक्या वजनाचं भरणी, डोंगराळ सीमेसाठी आश्लेषा, आणि अरुद्रा, म्हणजेच आपली आर्द्रा. मे अखेरीला रोहिणी लागली की आभाळाकडे डोळे लावणाऱ्या शेतकऱ्याला ही नावं शिकवावी लागत नाहीत. त्यांची अक्षरं फोडावी लागत नाहीत, हे मला त्यांचं मोठेपण वाटतं.

आणि पाऊस तर या यंत्राला आरंभापासून चिकटलेला आहे. युद्धात आखूड लहरींची रडारं आली तेव्हा पडद्यावर पावसाचे ढग उमटू लागले. विमान शोधणाऱ्यांना तो नुसता अडथळा होता. युद्ध संपल्यावर हवामानशास्त्रज्ञांनी तोच अडथळा वाचायला घेतला. आज कुलाब्याला हवामान खात्याचं डॉप्लर रडार फिरत असतं, त्याची चित्रं मोबाइलवर येतात, आणि जुलैतल्या संध्याकाळी लाखो मुंबईकर ती पाहून ठरवतात, की आत्ता लोकल पकडायची की अर्धा तास कचेरीतच थांबायचं.