गोळ्या सुरू झाल्या आणि अंगावर गाठी आल्या

आजचा भाग जरा घरगुती आहे.

माझं आजोळ जऊळका रेल्वे. वाशिम जिल्ह्यात, अकोला-पूर्णा लाइनवर. तिथं आजीच्या खोलीत तिच्या धाकट्या भावाचा एक जुना फोटो आहे. फोटोत त्यांचे हात दिसत नाहीत, उपरण्याखाली लपवलेत. त्यांना कुष्ठरोग होता. 1980 च्या दशकात सरकारी गोळ्या सुरू झाल्या आणि काही महिन्यांत त्यांनी त्या सोडल्या. का, असं विचारलं की आजीचं उत्तर ठरलेलं: "त्या गोयाइनंच त्याचं अंग पेटलं बाप्पा, म्हून सोळून देल्या."

अंग पेटलं म्हणजे काय? तर एका रात्रीत हातापायांवर लाल, दुखऱ्या गाठी आल्या. ताप भरला, सांधे धरले. पुढं बोटं वाकडी झाली ती कायमची.

मला आधी वाटलं, अडाणीपणा, दुसरं काय! मग वाचायला बसले आणि गप्पच झाले. कारण हीच भीती एकेकाळी डॉक्टरांनाही होती.

थोडं मागे जाऊ. विदर्भात कुष्ठरोग्यांसाठी मोठं काम झालं. 1936 मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी सुरुवात केली. अमरावतीत शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन उभं राहिलं, वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन. पण सुरुवातीच्या काळात औषध म्हणजे कडूकवठाचं तेल. 1940 च्या दशकात डॅप्सोनच्या कुळातली औषधं आली आणि पहिल्यांदाच रोग खरोखर आटोक्यात यायला लागला. आणि तेव्हाच डॉक्टरांना दिसलं, की उपचार चालू असताना काही पेशंटच्या अंगावर अशा गाठी उठतात. मग काय, अनेक डॉक्टर घाबरून डोस कमी करायचे, कधी गोळी थांबवायचे. म्हणजे माझ्या मामाआजोबांनी जे केलं, तेच!

या गाठींना ईएनएल म्हणतात, इरिथेमा नोडोसम लेप्रोसम. साध्या भाषेत, टाइप टू रिअ‍ॅक्शन. ज्यांच्या अंगात जंतू खूप असतात त्यांना ती येऊ शकते. जंतू मेले तरी त्यांचे तुकडे शरीरात उरतात. शरीर त्यांच्यावर तुटून पडतं आणि त्या भांडणात आपलंच नुकसान होतं. ही रिअ‍ॅक्शन गोळ्यांच्या आधी येते, चालू असताना येते, कोर्स संपल्यावरही येते. म्हणजे रोग वाढला असंही नाही आणि गोळी वाईट असंही नाही.

यावरचा उपाय सापडला तो योगायोगानं. थॅलिडोमाइड नावाचं झोपेचं औषध होतं. गरोदर बायकांनी ते घेतलं आणि हजारो बाळं हातापायांच्या व्यंगासह जन्मली. 1961 च्या अखेरीस ते बाजारातून उठलं. 1964 मध्ये जेरुसलेमला याकोब शेस्किन या डॉक्टरांकडे ईएनएलचा एक पेशंट होता. वेदनेनं त्याला झोपच लागेना. शेस्किननी शिल्लक असलेली ही गोळी दिली. झोप तर लागलीच, पण दोन-तीन दिवसांत गाठीही ओसरायला लागल्या! आजही हे औषध ईएनएलसाठी वापरतात, पण मूल होऊ शकणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत फार कडक काळजी घेऊन. बहुतेकांना आधी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देतात.

1981 पासून वर्धा जिल्ह्यात एमडीटी, म्हणजे अनेक औषधं एकत्र देणं, सुरू झालं. त्यातलं क्लोफाझिमिन जंतू तर मारतंच, गाठींचा जोरही कमी करतं. मात्र त्यानं कातडी काळपट-तांबूस होते. लोक त्यालाही घाबरतात. कोर्स संपला की तो रंग हळूहळू जातो.

आता कामाचं ऐका. जुनाच चट्टा लाल होऊन सुजला, तर ती टाइप वन रिअ‍ॅक्शन. चांगल्या कातडीवर नव्या दुखऱ्या गाठी, सोबत ताप, तर ईएनएल. क्वचित या गाठी फुटून जखमा होतात. त्याहून दुर्मीळ म्हणजे लुसिओ फिनॉमेनन. 1852 मध्ये मेक्सिकोत लुसिओ आणि अल्वाराडो यांनी ते लिहून ठेवलं. निळसर-लाल डाग पडतात, काळे होतात आणि कातडी झडते. आपल्याकडे फारच कमी दिसतं, पण दिसलं तर दवाखान्यात भरतीच व्हायचं. आणि पहिल्या काही आठवड्यांत अंगभर खाजरं पुरळ, ताप, कावीळ असेल तर ती डॅप्सोनची अ‍ॅलर्जी असू शकते. तिथं मात्र गोळी लगेच थांबवावी लागते.

म्हणून हे घरी ठरवायचं नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हात बधिर होणं, पकड सुटणं, डोळा लाल होऊन दुखणं, यात तर एक दिवसही घालवायचा नाही. नसेवरची सूज वेळेत उतरली तर बोटं वाचतात. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं.

मागच्या दिवाळीत हे सगळं आजीला सांगितलं. ती बराच वेळ फोटोकडे बघत बसली. मग म्हणाली, "म्हंजे त्याची चुकी नोयती." नव्हतीच, आजी. गाठी येऊ शकतात, आल्या तर परत ये, एवढं त्यांना कुणी आधीच सांगायला हवं होतं.

तुमच्या ओळखीत कुणाच्या गोळ्या चालू असतील, तर एवढं एक वाक्य त्यांना नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात.