आकडा

वर्ध्याच्या बाजारपेठेतल्या एका जुन्या अडत दुकानात तुम्ही उभे आहात. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नाही. गादीमागच्या भिंतीवर, हात सहज पोचेल अशा उंचीवर, एक लोखंडी वस्तू आहे. रुपयाएवढी पाटी, तिला तीन स्क्रू, मधोमध एक खीळ आणि त्या खिळीवर खाली-वर होणारा वाकडा दांडा. दांड्याचं टोक वर वळलेलं, दाभणासारखं. रिकामा असताना उचलून ठेवला की तो भिंतीला चिकटून बसतो. कुणाचा सदरा अडकत नाही, पोरासोरांच्या डोळ्याला धोका नाही. खाली ओढला की आडवा राहतो, आणि त्यावर बिलं, पावत्या, चिठ्ठ्या टोचत जायचं. जितका कागद वाढेल तितका तो आपल्याच वजनाने घट्ट बसतो.

कुणी त्याला ‘तार’ म्हणतं. ‘बिल तारेला लाव’ हे वाक्य तुम्ही किराणा दुकानात, औषधांच्या दुकानात, पिठाच्या गिरणीत ऐकलेलं असेल. कुणी म्हणतं आकडा. मला हा दुसरा शब्द जवळचा वाटतो. मराठीत ज्याला वस्तू अडकवायची तो आकडा, आणि मोजून लिहिलेली रक्कम तीही आकडाच. इंग्रजीने आपल्याला दिलेला ‘फाइल’ हा शब्दसुद्धा मुळात लॅटिनमधल्या दोऱ्यावरून आलेला आहे. तिकडेही कागद आधी दोऱ्यात ओवत आणि मग टांगत. आपल्याकडे पेशव्यांचं दप्तर रुमालांत बांधलं जाई. पण रुमाल बांधायला कारकून आणि कचेरी लागते. आकड्याला एक भिंत पुरते.

आज तुम्हाला या आकड्यावरून खाली उतरायचं आहे. सगळ्यात नवा कागद बाहेर, सगळ्यात जुना भिंतीला टेकलेला. एकेक काढत जायचं. मधलाच ओढायला गेलात तर फाटेल. खऱ्या दुकानात दिवाळीच्या सुमाराला हा गठ्ठा उतरवतात, सुतळीने बांधतात आणि माळ्यावर टाकतात. या आकड्यावरचा गठ्ठा नव्वदेक वर्षं कुणी उतरवलेला नाही, एवढी सूट मला द्या.

पहिला कागद काढा. गुळगुळीत, अरुंद, यंत्रातून निघालेलं बिल. वर जीएसटीचा क्रमांक असावा, खाली बेरीज. पण वाचता येत नाही. या कागदावर शाई नसतेच. कागदाला लावलेलं रसायन उष्णतेने काळं पडतं, आणि ऊन किंवा तेलाचा हात लागला की पुन्हा फिकं होत जातं. गेल्या उन्हाळ्यातलं बिल आणि आत्ताच कोरं झालेलं. भोक तेवढं शाबूत आहे. त्यामागचे वीस-पंचवीस कागद असेच आहेत. ते भराभर बाजूला ठेवा.

आता बोटांना जांभळा डाग लागतो. हा कार्बनखालचा कागद, पातळ, पिवळट. काटापट्टी. तो हातात येतो आणि दुकान विरतं. तुम्ही वर्धा जिल्ह्यातल्या देवळीकडच्या एका गावात, मातीच्या घराच्या छपरीत उभे आहात. साल १९८४. महाराष्ट्रात १९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी आहे. शेतकऱ्याने कापूस खासगी व्यापाऱ्याला विकायचा नाही, सरकारने नेमलेल्या पणन महासंघाच्या केंद्रावरच न्यायचा. केंद्रावर बंड्यांची रांग, रात्र रांगेतच, बैलांपुढे कडबा, मग ग्रेडर येतो, कापसाचा पुंजका बोटांत ओढून प्रत ठरवतो, काटा होतो आणि हातात ही पट्टी पडते. पैसे नाही, पट्टी. चुकारा पुढे हप्त्याहप्त्याने, त्यातून सोसायटीचं कर्ज कापून.

म्हणून या घरात कोनाड्यातल्या देवाखालोखाल मान या भिंतीवरच्या तारेला आहे. इथे खिळीचा आकडा नाही, सायकलच्या चाकाची आरी वाकवून खुंटीला अडकवली आहे. तुम्ही हात पुढे करता तशी चुलीजवळची आजी ओरडते.

“हात नोको लावू, बापू! ते पट्टी हरपली तं चुकारा कोन देईन?”

“बघत होतो फक्त, आजी.”

“पाय तेवढी. काढू नोको. तारेवरच राहू दे.”

आजीला अक्षर येत नाही. पण कोणती पट्टी पहिल्या वेचणीची, कोणती फरदडीची, हे तिला तारेवरच्या जागेवरून ठाऊक आहे. पोराच्या शाळेची फी या पट्टीवर, लेकीच्या लग्नाची उधारी त्या पट्टीवर. वर्षाचं सगळं घर त्या एका आरीवर टांगलेलं आहे. हे मला फार मोठं वाटतं: लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाच्या हाती हिशेब ठेवण्याचं एवढं एकच साधन होतं, आणि ते तिने चोख ठेवलं होतं.

पट्टी जागच्या जागी ठेवा आणि उतरा. आणखी खाली.

१९५७चा एप्रिल हाताला लागतो. या महिन्याच्या पहिल्या तारखेला रुपयाचे सोळा आणे संपले आणि शंभर नये पैसे सुरू झाले. बिलावर दिवाणजीने रक्कम दोनदा लिहिली आहे, आधी रुपये-आणे-पै, खाली नये पैसे. चार आण्यांचे पंचवीस सरळ होतात. एका आण्याचे सव्वासहा होतात, आणि त्या सव्वापाशी लेखणी थबकल्याचा ठिपका कागदावर उमटलेला आहे. बिलाच्या माथ्यावर छापलेलं ‘मध्य प्रदेश’ शाईने खोडून वर ‘मुंबई राज्य’ लिहिलं आहे. १ नोव्हेंबर १९५६ला वर्धा जिल्हा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेला. आणखी तीन वर्षांनी महाराष्ट्र होईल तेव्हा हेही खोडावं लागेल. छापलेली बिलपुस्तकं संपेपर्यंत फेकायची नाहीत, ही बाजाराची रीत.

मग कागद जाड होऊ लागतो.

डिसेंबर १९३८. दांडा तोच, लोखंड नवं, काळं, तेलकट. दुकानाबाहेर बंड्याच बंड्या, बैलांच्या घंटा, सरकीचा वास, हवेत तंतू. नाकाला रुमाल लावा. जिनिंगच्या रेच्यांची घरघर अंगातून जाते. कापसाच्या जोरावर वाढलेलं हे गाव. मुंबईहून नागपूरकडे जाणारा रेल्वेमार्ग इथूनच जातो, आणि हिंगणघाटच्या कापसाचं नाव पार विलायतेच्या बाजारात पोचलेलं आहे. पण तुमचं लक्ष गादीवर असू द्या. तिथे धोतर, काळी टोपी, कानावर टाक, असे दिवाणजी बसले आहेत. समोर लाल कापडाची लांबट वही, रोजकीर्द. शेतकरी उभा आहे. काटा झालेला आहे. दिवाणजी मोठ्याने वाचतात: अडत, हमाली, तोलाई, धर्मादाय. एकेक रक्कम वजा होते आणि शेतकऱ्याची मान तेवढी खाली जाते. मध्य प्रांतात १९३२ साली कापूस बाजाराचा कायदा झाला तो या वजावटींना आणि काट्यातल्या लबाडीला आळा घालायलाच. पण कायदा कागदावर, आणि शेतकऱ्याचा कागद कुठे? तो आकड्यावर आहे. दिवाणजी चिठ्ठीची एक प्रत त्याला देतात. रक्कम वीस रुपयांच्या वर आहे म्हणून पोचेवर एक आण्याचं तिकीट लावून त्यावर अंगठा घेतात. दुसरी प्रत तुमच्या हातात येते.

“लावा त्या आकड्याला.”

तुम्ही कागदाच्या मधोमध टोक टेकवता. दिवाणजी झटक्यात तुमचं मनगट धरतात.

“मधात नाही. कोऱ्या जागेत टोचा. आकड्यानं आकडा खाल्ला नाही पाह्यजे.”

तुम्ही पाहता. गठ्ठ्यातल्या प्रत्येक कागदाचं भोक समासात आहे, डाव्या बाजूला, एकाखाली एक. एकाही रकमेला छिद्र नाही. ही कारागिरी कुणी कुठे लिहून ठेवलेली नाही. दिवाणजीने दिवाणजीच्या हाताखाली राहून उचललेली.

एवढ्यात एक माणूस येतो. चांगले कपडे, हातात चिठ्ठी. आवाज खाली आणून म्हणतो, “एवढी परवाच्यात लावून द्या ना.”

दिवाणजी चिठ्ठी घेत नाहीत. आकड्याकडे बोट करतात. “परवाच्यात लावाची म्हणजे कालचे सगळे आन् आजचे सगळे उतरवा लागतीन. हे एवढे बसले हायेत सगळे. सगळ्याइच्या समोर उतरवू?”

माणूस निघून जातो. आता तुम्हाला आकड्याची खरी ताकद कळते. वहीत पान घालता येतं, ओळ घुसवता येते, आख्खी दुसरी वही लिहिता येते. भिंतीवरचा गठ्ठा मात्र चारचौघांसमोर आहे आणि त्याला एकच दिशा आहे. कालच्या मागे आज जातच नाही. हिशेबनीस ज्याला क्रमवार पुरावा म्हणतात तो या दांड्याने फुकट दिलेला आहे.

संध्याकाळी दुकानातून निघून मगनवाडीकडे चाला. जमनालाल बजाजांनी दिलेली ही जागा. मगनलाल गांधींचं नाव तिला आहे. अखिल भारत ग्रामोद्योग संघ १९३४च्या डिसेंबरात स्थापन झाला, त्याचं काम इथून चालतं. सध्या धांदल आहे, कारण ३० तारखेला गांधीजी मगन संग्रहालयाचं उद्घाटन करणार आहेत. संघाचे चिटणीस आहेत जे. सी. कुमारप्पा. तंजावरचे, लंडनमध्ये हिशेब तपासनीसाचं शिक्षण घेतलेले, कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेले. लोक त्यांना ग्रामोद्योगाचे अर्थशास्त्रज्ञ म्हणून ओळखतात. माझ्या लेखी ते आधी हिशेबनीस आहेत. १९३४ साली बिहारमध्ये भूकंप झाला, मदतनिधी गोळा झाला, आणि त्याचा हिशेब पाहायला जमनालालजींनी यांना बोलावलं. तिथली गोष्ट अनेकांनी सांगितली आहे. गांधीजी आपल्या मंडळींसह पाटण्याला आले, तेव्हा त्यांचा खर्च मदतनिधीतून होणार नाही, असं कुमारप्पांनी गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाईंना स्पष्ट कळवलं. गांधीजींनी विचारणा केली, कारण ऐकलं आणि मान्य केलं. निधी भूकंपग्रस्तांचा होता.

मान्य करणारा माणूसही त्याच जातकुळीचा. लंडनमध्ये शिकत असताना रोज झोपण्यापूर्वी पैन् पैचा मेळ घालणारा. दक्षिण आफ्रिकेत नाताळ इंडियन काँग्रेसच्या प्रत्येक वर्गणीची पावती दिली जावी म्हणून हटून बसलेला. इथून काही मैलांवर शेगावात (त्याचं सेवाग्राम १९४०मध्ये होईल) तो आलेल्या पत्रांचे लिफाफे उलगडून आतल्या कोऱ्या बाजूवर लिहितो आहे. सोमवारी मौन असतं, तेव्हा बोलणंच चिठ्ठ्यांवर चालतं.

मगनवाडीत हातकागद बनतो. रद्दी आणि चिंध्या भिजवून, कांडून लगदा होतो; लगद्याच्या पाण्यात चाळणीची चौकट बुडते, वर येते आणि तिच्यावर एक ओला ताव थरथरत उभा असतो. दाबून पाणी काढायचं, वाळवायचं, खळ द्यायची, गुळगुळीत दगडाने घोटायचं. दौलताबादजवळच्या कागझीपुऱ्याच्या कारागिरांची जुनी रीत हीच, आणि कागद बनवणारे जुने कारागीर ओला ताव भिंतीला चिकटवून वाळवत. भिंतीवर जन्मलेला कागद बाजारातून फिरून पुन्हा भिंतीवर येऊन टांगला जायचा. संघाची ‘ग्राम उद्योग पत्रिका’ हातकागदावर छापतात. तुम्ही त्या कागदाचा एक तुकडा बोटांत धरा. कडा ओबडधोबड, मध्ये चिंधीचा निळा धागा. टोक टोचलं तर भोक फाकत नाही. तंतू भोवती आवळून बसतात. हाच तुमच्या आकड्यावरचा सगळ्यात आतला कागद.

आता परत चढायचं आहे. हातातले कागद क्रमाने लावत या: हातकागद, मग नये पैसे, मग जांभळी काटापट्टी, तिला जरा जपून, आजी पाहते आहे. शेवटी ती कोरी झालेली बिलं. प्रत्येकाचं भोक आपापल्या जागी बसतं.

दुकानात दुपार अजून तशीच आहे. गल्ल्याजवळच्या छोट्या यंत्राने पैसे जमा झाल्याचं मोठ्याने सांगितलं. मालक सगळ्यात वरचं कोरं बिल पाहतात, काढून घेतात, वहीशी ताडून त्याच्या पाठीवर बॉलपेनने तारीख आणि रक्कम लिहितात. मग डाव्या समासात, रकमेपासून दोन बोटं दूर, ते पुन्हा आकड्याला टोचतात.