ना टॅकल, ना धक्का: फ्लॅग फुटबॉल खेळतात तरी कसा?

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचं अधिवेशन झालं. २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये क्रिकेट येणार, ही बातमी आपल्याकडे गाजली. त्याच निर्णयात फ्लॅग फुटबॉललाही प्रवेश मिळाला.

नियम काय?
हा अमेरिकन फुटबॉलचाच प्रकार आहे. प्रत्येक संघात पाच खेळाडू असतात. कमरेच्या पट्ट्याला फ्लॅग, म्हणजे लांब पट्ट्या लटकवलेल्या असतात. चेंडू घेऊन पळणाऱ्याचा फ्लॅग ओढला की तो प्रयत्न तिथेच संपतो. कबड्डीत पकड हे कौशल्य. इथे पकडलं किंवा ढकललं तर दंड. पळणाऱ्यानेही हाताने फ्लॅग झाकायचा नाही.

गुण कसे?
चार प्रयत्नांत मध्यरेषा ओलांडायची, पुढच्या चारांत एंड झोन गाठायचा. टचडाऊनला ६ गुण. त्यानंतर ५ यार्डांवरून १ किंवा १० यार्डांवरून २ जादा गुण मिळवता येतात. सामना २० मिनिटांच्या दोन भागांत होतो.

फायदा काय?
अमेरिकन फुटबॉलमध्ये डोक्याला होणाऱ्या दुखापती ही मोठी चिंता आहे. इथे टॅकल नसल्याने तो धोका कमी होतो, पण संपत नाही. पळताना टक्कर होऊ शकते. हेल्मेट आणि जड पॅडचा खर्चही वाचतो. मैदान ७० बाय २५ यार्ड, म्हणजे साधारण ६४ बाय २३ मीटर. नागपुरातल्या एखाद्या शाळेच्या मैदानातही ते बसू शकतं.