क्रिएटिनिनचा आकडा आला कुठून?

ठाणे, कल्याण, डोंबिवली, कुठल्याही लॅबमधून किडनीचा रिपोर्ट आणा, त्यात युरिया, क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम हे आकडे असतातच. यातली क्रिएटिनिनची तपासणी तुमच्या पणजोबांच्या काळातली आहे. १८८६ साली माक्स याफे या जर्मन शास्त्रज्ञाला दिसले की अल्कलीत पिक्रिक ॲसिड घातले तर क्रिएटिनिनमुळे केशरी-लाल रंग येतो. जितका रंग गडद, तितके क्रिएटिनिन जास्त. आजही अनेक लॅबमधली मशीन हाच रंग मोजतात! सोडियम-पोटॅशियमसाठी मात्र ज्योतीचा रंग मोजणारे यंत्र विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत यावे लागले.

हे आकडे किती महत्त्वाचे, ते जयप्रकाश नारायण यांच्या आजारात दिसते. नोव्हेंबर १९७५ मध्ये स्थानबद्धतेतून सुटल्यावर त्यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणले. तिथे मूत्रपिंडे निकामी झाल्याचे निदान झाले. ८ ऑक्टोबर १९७९ रोजी निधन होईपर्यंत ते डायलिसिसवर होते. अशा रुग्णाचे पोटॅशियम सतत पाहावे लागते, कारण ते फार वाढले तर हृदय बंद पडू शकते.

क्रिएटिनिनची एक खोड लक्षात ठेवा. किडनीचे जवळपास निम्मे काम कमी होईपर्यंत ते ‘नॉर्मल’ राहू शकते. तुमचे ०.८ वरून १.२ झाले, तर लॅब बहुधा त्याखाली लाल रेघ मारणार नाही. मधुमेह किंवा बीपी असेल तर येताना जुने रिपोर्टही घेऊन या.