रस्ता शांत कशामुळे होतो?

हिवाळ्यातल्या एखाद्या सकाळी वर्धा जिल्ह्यातील सेलू, आर्वी किंवा समुद्रपूर तालुक्याच्या आतल्या रस्त्याने सायकल घेऊन निघावे. दोन्ही बाजूंना कपाशी आणि तूर असते. एक चढ संपतो, उतार लागतो, तळाशी नाला येतो आणि पुन्हा चढ सुरू होतो. बराच वेळ एकही ट्रक भेटत नाही. ही शांतता निसर्गाने दिली असावी, असे आपल्याला वाटते. भूमीचे चढउतार खरोखरच निसर्गाचे आहेत. शांततेला मात्र इतिहास आहे.

आधी भूमीकडे पाहू. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्ह्याचे थर एकावर एक पसरले. त्यांपासून बनलेला बेसाल्ट खडक झिजून वर्धा, धाम, बोर, यशोदा या नद्यांची खोरी तयार झाली. उंचवट्यावर मातीचा थर पातळ राहिला आणि खाली मुरूम लागतो. वाहून आलेली काळी माती सखल भागात खोल साचली. या मातीतील माँटमोरिलोनाइट हे चिकणखनिज पाणी शोषून फुगते आणि वाळले की आकसते. म्हणून उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडतात आणि पावसाळ्यात बैलबंडीचे चाक रुतते. जुनी गाडीवाट शक्य तेथे उंचवट्याच्या मुरमाड जमिनीवरून का जाते, याचे उत्तर या खनिजात आहे.

त्या काळी मालाला वाटही लांबची होती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वऱ्हाड-नागपूर भागातील कापूस बैलांच्या पाठीवर लादून थेट गंगेकाठच्या मिर्झापूरला जाई. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेना, आणि त्यांचे लक्ष इकडे वळले. 1862 साली वर्धा हा नागपूरपासून वेगळा जिल्हा झाला. 1866 साली जिल्ह्याचे ठाणे पुलगावजवळच्या कवठ्याहून पालकवाडीला आले आणि तेथे वर्धा शहर वसले. 1867 मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग नागपूरला पोहोचला. पुढे वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्याच्या कोळशापर्यंत फाटा गेला आणि 1917 साली पुलगाव-आर्वी ही सुमारे 35 किलोमीटरची अरुंद गाडी सुरू झाली.

लोहमार्गामुळे रस्त्यांचा अर्थच बदलला. लांबचा माल रुळांवर गेला आणि बंड्या गावापासून स्टेशनापर्यंत धावू लागल्या. स्टेशनाकडे जाणाऱ्या वाटा गजबजल्या, बाकीच्या निवांत झाल्या. इंग्लंडमध्ये हेच थोडे आधी घडले होते. तेथे 1840 च्या सुमारास आगगाडीने घोडागाड्यांचे हमरस्ते ओस पाडले. 1885 साली स्टार्ली यांनी सारख्या चाकांची, साखळीची सायकल आणली. 1888 साली डनलॉप यांनी हवा भरलेली धाव आणली. ओस रस्त्यांना नवे प्रवासी मिळाले. पण रस्ते खडबडीत होते, तेव्हा चांगल्या रस्त्यांसाठी सायकलस्वारांनीच 1886 मध्ये संघटना उभारली. रस्ते सुधारले, आणि पुढच्या पिढीत त्यांवर मोटारी आल्या. ज्यांनी रस्ता मागितला, त्यांनाच कडेला सरकावे लागले.

वर्ध्यात या कथेला वेगळे वळण मिळाले. 30 एप्रिल 1936 रोजी गांधीजी वर्ध्याहून सेगावला पायी गेले. त्या खेड्यात ना दुकान होते, ना टपालघर. शेगावशी नावाचा घोटाळा होऊन पत्रे भलतीकडे जात, म्हणून 1940 साली सेगावचे सेवाग्राम झाले. सुमारे आठ किलोमीटरची ही वाट देशातील अनेक नेत्यांनी तुडवली. 1951 साली विनोबांनीही पवनारहून दिल्लीची वाट पायीच धरली. चालणाऱ्याला आणि सायकलस्वाराला रस्त्याकडून हवे तरी काय असते? थोडे गणित करू.

सायकल आणि स्वार मिळून 85 किलो धरा. चांगल्या डांबरी रस्त्यावर चाकांचा लोटण-विरोध सुमारे 5 न्यूटन असतो. ताशी 15 किलोमीटर वेगाला हवेचा विरोधही साधारण तेवढाच भरतो. पण शंभर मीटरला एक मीटर एवढा चढ आला की आणखी 8 न्यूटनांहून अधिक बल लागते. डोळ्यांना जेमतेम जाणवणारा चढ पायांना लगेच कळतो, तो यामुळे! सुट्या मुरमावर लोटण-विरोध कित्येक पटींनी वाढतो. म्हणजे सायकलला रुंद रस्ता नको. हवा तो घट्ट, सपाट पृष्ठाचा अरुंद पट्टा.

आता रस्त्याच्या बाजूने विचार करू. 1958 ते 1960 या काळात अमेरिकेतील इलिनॉय राज्यात मोठा प्रयोग झाला. भारलेले ट्रक दोन वर्षे फिरवून पाहिले तेव्हा आढळले की रस्त्याची हानी आसावरील भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. भार दुप्पट, तर हानी सोळापट. 8 टनांचा आस सायकलच्या 50 किलोच्या आसापेक्षा 160 पट भारी. 160 चा चौथा घात 65 कोटींच्या वर जातो. इतक्या हलक्या भाराला हा नियम शब्दशः लावणे बरोबर नाही. पण सायकल रस्ता झिजवत नाही, एवढे त्यातून निश्चित कळते. खाली फुगणारी-आकसणारी काळी माती आणि वर ट्रक अशी गाठ पडली की मात्र डांबराची लवकर चाळण होते.

11 डिसेंबर 2022 रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा पहिला टप्पा खुला झाला. तो वर्धा जिल्ह्यातून जातो आणि त्यावर सायकलला प्रवेश नाही. वेगवान वाहतुकीला स्वतंत्र वाट मिळणे हे आतल्या रस्त्यांच्या हिताचेच. मात्र असा मार्ग आल्यावर त्याला जोडणारे रस्तेही रुंद करण्याची मागणी होते, आणि स्टेशनाकडच्या गाडीवाटांचे जे झाले तेच त्यांचेही होऊ शकते.

यात पणाला लागते ती केवळ रपेटीची मौज नव्हे. बिहारने 2006 पासून नववीच्या मुलींना सायकली दिल्या. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांच्या अभ्यासात माध्यमिक शाळेतील मुलींचे प्रमाण 32 टक्क्यांनी वाढलेले आढळले, आणि ही वाढ मुख्यतः शाळेपासून 3 किलोमीटरहून दूर असलेल्या गावांत होती. सायकल मिळाली तरी रस्ता निर्धोक नसेल, तर पालक मुलीला पाठवतील का?

शिक्षकांना एक उपक्रम सुचवतो. तलाठ्याकडून गावाचा नकाशा मिळवा. त्यावर दुहेरी तुटक रेषेने गाडीरस्ते आणि एकेरी तुटक रेषेने पायवाटा दाखवलेल्या असतात. विद्यार्थ्यांसह त्या प्रत्यक्ष शोधा. किती पांदण शिल्लक आहेत, किती शेतांत गेल्या? उरलेल्यांवर सकाळी शाळेच्या वेळी अर्धा तास बसून सायकली, बंड्या, मोटारसायकली आणि ट्रक मोजा. दरवर्षी त्याच आठवड्यात पुन्हा मोजा. पाच वर्षांत तुमच्या गावच्या शांततेचा आलेख तयार होईल, आणि रस्त्याविषयी ग्रामसभेत बोलताना हाती आकडे असतील.